जुन्या शोकांतिका आजच्या काळात आणताय? या चुका टाळा

अभिजात शोकांतिका किंवा पुराणकथा आजच्या काळात आणून लिहा, असा प्रकल्प मिळाला की बहुतेक विद्यार्थी पहिल्या बैठकीतच सगळं ठरवून मोकळे होतात. राजा म्हणजे कंपनीचा मालक, राज्य म्हणजे ऑफिस, तलवारीच्या जागी पिस्तूल आणि दूताच्या जागी मेसेज. मग लिहायला बसतात आणि दुसऱ्या प्रवेशातच अडतात. पात्रं बोलत असतात, पण अमुक एक गोष्ट त्यांनी आत्ताच का करावी, याला उत्तर नसतं. संहितेत सगळ्या वस्तू नव्या झालेल्या असतात, मूळ पेच मात्र जुन्या काळातच राहिलेला असतो. अडलेली बहुतेक रूपांतरं मला इथेच अडलेली दिसतात.

मोबाईलमुळे कथानक कोसळतं

ही सगळ्यात जास्त वेळा येणारी अडचण. ज्युलिएट मेलेली नाही, औषधामुळे ४२ तास मेल्यासारखी पडून राहणार आहे, हे कळवणारं पत्र रोमिओपर्यंत पोचत नाही. पत्र नेणारा फ्रायर जॉन साथीच्या संशयावरून एका घरात अडकवला जातो. आजच्या रूपांतरात हे कसं दाखवायचं? विद्यार्थी लिहितात: रेंज नव्हती, बॅटरी संपली, फोन पाण्यात पडला. प्रेक्षक तिथे हसतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

मुळातही तो योगायोगच आहे, हे मान्य. पण शेक्सपिअरने त्याआधी चार अंक खपून त्याची तयारी केलेली असते. लग्न गुपचूप झालेलं असतं, म्हणून खरी गोष्ट ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. हद्दपारीमुळे रोमिओ गावाबाहेर. दुसरं लग्न डोक्यावर, म्हणून सगळं घाईत. पत्र अडकलं नसतं तरी काहीतरी अडकलंच असतं, असं वाटायला लावणारी ही रचना आहे.

१९५७ साली रंगमंचावर आलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ने हा प्रश्न फार हुशारीने सोडवला. तिथे ज्युलिएटच्या जागी असलेल्या मारियाने दिलेला निरोप पोचवायला अनिता निघते. विरुद्ध टोळीतली पोरं तिची विटंबना करतात, आणि त्या संतापात ती सांगून टाकते की मारिया मेली. निरोप वैरानेच अडवला. साथ नको, योगायोगही नको.

तुमच्या संहितेतही हेच तपासा. निरोप अडवणारी गोष्ट मूळ भांडणातून येते का? फोन तिच्या भावाच्या ताब्यात आहे, म्हणून मेसेज तिचाच असला तरी प्रियकराचा त्यावर विश्वास बसत नाही. किंवा घरच्यांनी तिच्याच फोनवरून आधी दोनदा खोटे मेसेज पाठवलेत, म्हणून तिसरा खरा मेसेज तो उघडतच नाही. रेंज पूर्ण असू दे. काही बिघडत नाही.

गुपित शेवटपर्यंत दाबून ठेवणं

‘इडिपस’ घेणारे विद्यार्थी हमखास शेवटच्या पानावर धक्का ठेवतात: ती त्याची आई होती! सोफोक्लिसच्या प्रेक्षकांना ही गोष्ट नाटकाला येण्याआधीच माहीत होती. तिठ्यावरचा बापाचा खून आणि आईशी लग्न या दोन्ही घटना नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेल्या आहेत. रंगमंचावर दिसते ती फक्त चौकशी, आणि चौकशी करणारा स्वतःच गुन्हेगार आहे. त्याची आई आणि बायको असलेल्या योकास्टाला त्याच्या आधी कळतं. ती विनवते की आता पुढे विचारू नकोस. तो विचारतो.

म्हणून ‘आज डीएनए चाचणी आहे, मग हे नाटक कसं चालेल?’ या शंकेत फारसा दम नाही. उलट चाचणी आणाच. अहवालाचं पाकीट टेबलावर ठेवा, आणि ते उघडू नकोस म्हणणारं माणूस समोर बसवा. तो ते का उघडतो, हे लिहिता आलं की रूपांतर जमलं.

कर्णाच्या बाबतीत उलटी चूक होते. त्याचं जन्मरहस्य तो मेल्यावर उघड होतं असं दाखवतात. पण ते पांडवांसाठी. कर्णाला युद्धाआधी कृष्णही सांगतो आणि कुंतीही. सगळं कळूनही तो दुर्योधनाची बाजू सोडत नाही, आणि कुंतीला शब्द देतो की तुझे पाच मुलगे राहतील. आजचा कर्ण अज्ञानात मारलात तर तो फक्त दुर्दैवी ठरतो. त्याला कळू द्या, आणि मग त्याला निवड करू द्या.

समोरच्याला खलनायक करून टाकणं

‘अँटिगनी’ म्हणजे धाडसी मुलगी विरुद्ध दुष्ट सत्ताधीश, अशी सोपी वाटणी केली की नाटक पहिल्या पाच मिनिटांत संपतं. उरतात त्या घोषणा. राजा क्रेऑनचं नगर नुकतंच यादवीतून बाहेर पडलंय. नगरावर सैन्य घेऊन चालून आलेल्या अँटिगनीच्या भावाला सन्मानाने पुरायचं का, हा त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. फ्रेंच नाटककार ज्याँ अनुईची ‘अँटिगनी’ १९४४ साली जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगमंचावर आली. त्यातल्या क्रेऑनचे युक्तिवाद इतके समंजस होते की नाटक नेमकं कुणाच्या बाजूचं, यावरच वाद झाले. क्रेऑनचं एक तरी भाषण असं लिहा की वर्गातल्या निम्म्या मुलांनी मान डोलवावी.

आणि कृपा करून, भावाच्या प्रेताच्या जागी कॉलेजचा ड्रेस कोड आणू नका. तिथे जिवाची बाजी आहे. गणवेशासाठी कुणी मरत नाही.

‘मिडीआ’चंही असंच. तिला नुसती मत्सराने पेटलेली बायको केलं जातं. ती परकी आहे, नवरा जेसनसाठी तिने भावाला मारलंय, माहेरी परतायची सोय उरलेली नाही, आणि आता क्रेऑन (हा कोरिंथचा, वरचा थीब्जचा) तिला हद्दपार करतोय. जिचा परदेशातला मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला आहे अशी बाई घेतली, तर हा पेच जवळजवळ जसाच्या तसा आजच्या काळात येतो. या नाटकातलं वृंद, म्हणजे कोरस, विद्यार्थी सहसा कापून टाकतात, तेही नको. कोरिंथच्या त्या बायका आधी गप्प राहण्याचं कबूल करतात, मग पोटच्या मुलांना मारायचा बेत कळल्यावर तिला परावृत्त करू पाहतात, पण कुणाला सांगत नाहीत. पंधरा जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळ्यांना माहीत, आणि बाहेर अवाक्षर नाही. लिहून बघा.

प्रसिद्ध चित्र उचलायचं आणि वाद गाळायचा

पाण्यातल्या प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससला सेल्फी काढायला लावणं आता फार झालं. ओविडच्या कथेत पाण्यातला तरुण आपणच आहोत हे त्याला आधी कळतच नाही. सेल्फी काढणाऱ्याला ते पहिल्यापासून माहीत असतं. शिवाय त्याच्यावर प्रेम करणारी एको कुठे गेली? इकारसलाही नवउद्योजक करतात आणि ‘फार उंच उडाला’ म्हणून पाडतात. त्याच्या बापाने, डिडॅलसने, फार खाली उडू नकोस, समुद्राच्या ओलाव्याने पंख जड होतील, हेही बजावलं होतं. ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

द्यूतसभेत हे सगळ्यात जास्त खटकतं. वस्त्रहरण घेतात, द्रौपदीचा प्रश्न सोडतात. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर त्याला मला पणाला लावण्याचा हक्क होता का? भीष्मालाही याचं धड उत्तर देता येत नाही. आजच्या बैठकीच्या खोलीत, वकिलांसमोर, हा प्रश्न अंगावर येईल. तो ठेवलात तर पुढचं किती दाखवायचं हे ठरवणं सोपं जातं, कारण प्रवेशाचं वजन आधीच त्या प्रश्नावर आलेलं असतं.

काही किरकोळ बिघाड

पात्रांची नावं मुळाशी यमक जुळवून ठेवू नका; प्रेक्षक कोण कोणाचा हे ओळखत बसतो. ‘हे प्राणनाथ’ आणि ‘चिल मार’ एकाच तोंडी आले तर एक काढा. चेटकिणी, देव, भाकितं यांचं काय करायचं अशी भीती वाटली, तर ‘मॅकबेथ’वरचा हिंदी चित्रपट ‘मकबूल’ (२००३) बघा: तिथे भविष्य सांगणारे दोन पोलीस आहेत, आणि सांगितलेलं खरं व्हावं म्हणून ते स्वतःच हालचाली करतात.

शेवट सुसह्य करणं

हा मोह जुना आहे. नेहम टेटने १६८१ साली ‘किंग लिअर’ बदलून मुळात मरणाऱ्या कॉर्डेलियाला जिवंत ठेवलं आणि एडगरशी तिचं लग्न लावलं. इंग्लिश रंगभूमीवर त्याच शेवटाचा वरचष्मा दीडशे वर्षं राहिला. १८३८ मध्ये नट मॅक्रीडीने शेक्सपिअरचं मूळ नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं. तेव्हा वर्गात कुणी ‘शेवटी समेट दाखवूया’ म्हणालं तर त्याला एकट्याला दोष नको.

पण मग पुन्हा मागे जाऊन बघा. समेट शक्य वाटतो आहे, याचा अर्थ आधीच्या प्रवेशांत एखादं दार उघडं राहिलंय. शेवटाला हात न लावता ते दार शोधा. ‘मिडीआ’त उलटा त्रास होतो: इ.स.पू. ४३१ च्या त्या नाटकात ती सूर्याच्या रथातून निसटते, तिला शिक्षा होत नाही. विद्यार्थी घाईघाईने पोलीस आणतात आणि बेड्या घालतात. पोलीस आणू नका. विमानतळावर तिचा पासपोर्ट तपासून परत दिला जातो, एवढं दाखवा.