पत्र्याची पेटी कॅडमध्ये काढताना

पत्र्याची पेटी, कव्हर किंवा ब्रॅकेट कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये, काढायचे असेल, तर स्केच सुरू करण्याआधी तो भाग ज्या दुकानात वाकवला जाणार आहे तिथे एकदा जाऊन यावे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसून डिझाइन करणाऱ्याला रबाळे किंवा महापे येथील लेझर कटिंग आणि बेंडिंगची दुकाने काही दूर नाहीत, त्यामुळे फोनवर अंदाजे आकडे घेण्याचे कारण उरत नाही. तिथे गेल्यावर व्हर्नियरने पत्र्याची खरी जाडी मोजावी, त्या जाडीला प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या मशीनवर, कोणती व्ही-डाय (व्ही आकाराची खाच असलेला खालचा साचा) लावतात ते विचारावे आणि मशीनवर जास्तीत जास्त किती लांबीचा बेंड घेता येतो, याची नोंद करावी. पुढचे बरेचसे काम या तीन उत्तरांवर अवलंबून असते.

यातील डायचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नवे डिझायनर तोच विचारत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत पत्रा डायच्या तळाला टेकवून दाबला जात नाही. तो व्हीच्या दोन कडांवर अधांतरी राहतो आणि वरून पंच (दाबणारे हत्यार) त्याला आत ढकलतो. अशा वाकवण्यात आतली त्रिज्या ड्रॉइंगवर लिहिलेल्या आकड्याने ठरत नाही, तर व्हीच्या रुंदीने ठरते, आणि माइल्ड स्टीलसाठी ती साधारण त्या रुंदीच्या एक षष्ठांश येते. २ मिलिमीटर पत्र्याला जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिलिमीटरची व्ही लावण्याची पद्धत आहे. त्यावर आतली त्रिज्या सुमारे २.६ मिलिमीटर मिळते. आपण सॉफ्टवेअरमध्ये १ मिलिमीटर भरली म्हणून ती १ होत नाही.

त्रिज्येइतकाच दुसरा आकडा म्हणजे के-फॅक्टर. पत्रा वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि मध्ये एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. तो आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या किती पटीवर आहे, हे के-फॅक्टर सांगतो. सॉफ्टवेअर हा आकडा स्वतःहून भरून ठेवते, कुठे ०.५, कुठे ०.४४, आणि आपण तो बदलला नाही तर उलगडलेल्या पत्र्याचे माप त्यावरूनच निघते. हा आकडा तक्त्यातून घेण्यापेक्षा त्याच दुकानात, त्याच डायवर पट्टी वाकवून काढणे चांगले.

पट्टीची कृती सोपी आहे. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिलिमीटर लांब आणि ५० मिलिमीटर रुंद पट्टी लेझरवर कापून घ्यावी, तिची लांबी व्हर्नियरने पुन्हा मोजावी आणि मधोमध ९० अंशांत वाकवून घ्यावी. कोन गुण्या लावून तपासावा, कारण तो दोन अंशांनी जरी उघडा राहिला तरी पुढचे मोजमाप फसवे ठरते. मग दोन्ही बाजूंची बाहेरून मापे घ्यावीत. समजा ती ५१.९ आणि ५१.८ आली, तर बेरीज १०३.७ होते, मूळ १०० वजा केल्यावर उरणारे ३.७ मिलिमीटर हे त्या डायवरचे बेंड डिडक्शन, म्हणजे उलगडलेले माप काढताना बाहेरच्या मापांतून दर बेंडमागे वजा करायचा आकडा, झाले. के-फॅक्टर हवा असल्यास त्रिज्या आणि जाडी यांच्या बेरजेच्या दुपटीतून, म्हणजे ९.२ मधून, ३.७ वजा करावेत. राहिलेल्या ५.५ ला १.५७०८ ने (९० अंशांचे रेडियनमधले माप) भागले की ३.५ येतात, त्यातून त्रिज्या २.६ वजा केली की ०.९ उरतात आणि जाडीने, म्हणजे २ ने, भागले की ०.४५ हा के-फॅक्टर मिळतो. पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेने एक आणि तिला आडवी एक अशा दोन पट्ट्या घेतल्यास अधिक बरे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे मलाही पूर्वी वाटत असे. ३०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना ८० मिलिमीटर उंच आणि खाली आत वळवलेल्या १५ मिलिमीटरच्या लिप (अरुंद कडा) असलेली चाळीस झाकणे मी एकदा सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्यांवर, म्हणजे १ मिलिमीटर त्रिज्या आणि ०.५ के-फॅक्टर ठेवून, कापायला पाठवली. त्या हिशेबाने एका बेंडचे डिडक्शन २.८६ येते, चार बेंडचे सुमारे ११.४, त्यामुळे बाहेरच्या मापांच्या ४९० या बेरजेतून उलगडलेला पत्रा ४७८.६ निघाला. खरे तर दर बेंडला ३.७ धरून तो ४७५.२ हवा होता. ऑपरेटरने लिप आणि बाजू स्टॉपर लावून बरोबर वाकवल्या, म्हणून जास्तीचे ३.४ मिलिमीटर सगळे वरच्या बाजूत जमा झाले आणि झाकण पेटीवर खुळखुळू लागले. बेंडिंगवरच्या काकांनी एक नग हातात फिरवून एवढेच विचारले, "साहेब, तुम्ही डाय कुठली धरली होती?" मी कुठलीच धरली नव्हती.

आता मॉडेलकडे येऊ. फुकट आणि मुक्त असलेल्या फ्रीकॅडमध्ये शीटमेटलचे ॲड-ऑन घालावे लागते. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर किंवा फ्यूजनमध्ये ती सोय आधीच असते. ठोकळा काढून तो आतून पोकळ करण्याच्या मोहात पडू नये, कारण तसा आकार दिसतो पेटीसारखा, पण नीट उलगडत नाही. जाडी, त्रिज्या आणि के-फॅक्टर आधी भरून मग तळाचा पत्रा काढावा आणि त्याला एकेक बाजू जोडत जावे. स्केचचा मध्य मूळबिंदूवर ठेवावा आणि प्रत्येक रेषेला माप किंवा बंधन देऊन ती पक्की करावी. मोकळी राहिलेली रेषा आज जागेवर असते आणि उंची बदलली की भलतीकडे सरकते.

बेंडजवळच्या भोकांकडे विशेष लक्ष द्यावे. १६ मिलिमीटरच्या व्हीमध्ये बेंडच्या रेषेपासून दोन्हीकडे ८ मिलिमीटरपर्यंतचा पत्रा डायच्या पोकळीवर असतो, त्यामुळे त्या पट्ट्यात आलेले भोक अंड्यासारखे ओढले जाते. याच कारणाने लिपही फार छोटी चालत नाही: या डायवर बाहेरून ११ मिलिमीटरपेक्षा कमी लिप ठेवली तर तिची कड व्हीमध्ये घसरते. दोन बेंड जिथे भेटतात त्या कोपऱ्यात रिलीफ म्हणून खाच द्यावी, अन्यथा पत्रा फाटतो. शिवाय बाजूची उंची आत वळलेल्या लिपपेक्षा फारशी जास्त नसेल, तर वाकवताना लिप पंचावर आपटते आणि गूजनेक, म्हणजे लिपला जागा देणारा वाकड्या मानेचा, पंच लागतो. सॉफ्टवेअर बाजू वाकवून दाखवते, पण मध्ये पंच उभा आहे हे सहसा दाखवत नाही.

एम५ स्क्रू नुसता जाण्यासाठी ५.५ मिलिमीटरचे भोक ठेवावे. २ मिलिमीटर पत्र्यातच एम५ चे आटे पाडू नयेत, ०.८ पिचचे जेमतेम अडीच आटे मिळतात आणि दोन-चारदा उघडझाप झाली की ते जातात. तिथे वेल्ड नट (पत्र्याला वेल्ड केलेला) किंवा रिव्हेट नट (भोकात रिव्हेटसारखा दाबून बसवलेला) धरावा.

पावडर कोटिंगचा थर एका पृष्ठभागावर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. जीभ आणि खाच यांच्या बसणीत असे चार पृष्ठभाग येतात, म्हणून पाव मिलिमीटरहून थोडी अधिक जागा सोडावी लागते. अर्थिंगच्या स्टडला आणि आट्यांना मास्किंग (कोटिंग लागू नये म्हणून झाकणे) करण्याची टीप ड्रॉइंगवर लिहावी. पावसाळ्यात उघड्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यावर बघता बघता गंज चढतो, त्यामुळे बेंडिंगनंतर माल न रेंगाळता सेव्हन टँक प्रक्रियेला (कोटिंगआधी पत्रा टाक्यांत साफ करून तयार करण्याला) जाईल असे वेळापत्रक ठेवावे.

लेझरवाल्याला उलगडलेल्या पत्र्याची डीएक्सएफ (रेषांच्या ड्रॉइंगची) फाइल द्यावी, ती १:१ आणि मिलिमीटरमध्ये. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक ओळखीचे माप मोजावे, कारण इंचांचा गोंधळ झाला असल्यास ते २५.४ पटींनी चुकलेले लगेच दिसते. बेंडच्या रेषा कापण्याच्या रेषांपासून वेगळ्या लेयरवर ठेवाव्यात किंवा काढूनच टाकाव्यात. एकाच लेयरवर राहिल्या तर पत्रा वाकायच्या जागीच कापला जाण्याची भीती असते. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा आणि न जुळलेली टोकेही शोधून काढावीत. लेझरच्या रुंदीची भरपाई मात्र आपण करू नये, ती त्यांचा प्रोग्रामर करतो.

सोबत पीडीएफ ड्रॉइंग आणि स्टेप (त्रिमितीय मॉडेलची) फाइल असावी. ड्रॉइंगवर फर्स्ट अँगलचे (दृश्ये मांडण्याच्या पद्धतीचे) चिन्ह, पत्र्याचा प्रकार आणि जाडी, मापे बाहेरून की आतून याचा स्पष्ट उल्लेख आणि रिव्हिजनचे अक्षर यायला हवे. सर्वसाधारण टॉलरन्ससाठी (मापात चालणाऱ्या फरकासाठी) आयएसओ २७६८ मधला मध्यम वर्ग पुरतो: ३० ते १२० मिलिमीटरपर्यंत अधिक-उणे ०.३ आणि त्यापुढे ४०० पर्यंत ०.५. याहून कडक माप फक्त जिथे दुसरा भाग बसतो तिथेच मागावे, कारण प्रत्येक कडक मापाचे पैसे मोजावे लागतात.

पहिला नग वाकवून झाला की बाकीचे थांबवून त्याची मापे घ्यावीत आणि मिळालेले डिडक्शन दुकान, डाय, पत्रा आणि जाडी यांच्या नावाने एका तक्त्यात लिहून ठेवावे. डाय किंवा दुकान बदलले, तर नवी पट्टी वाकवून त्या तक्त्यात नवी ओळ घालावी. जुनी ओळ खोडू नये, कारण पुढची ऑर्डर पुन्हा त्याच जुन्या दुकानात जाऊ शकते.