स्कोपची क्लिक संपली तरी गोळी डावीकडेच? आधी बेस उघडा

रायफलीच्या साधारण स्कोपमध्ये (नेम धरायची दुर्बीण) मध्यापासून प्रत्येक बाजूला ३० मिनिटांच्या (एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास फिरवायला जागा असते. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंमी, म्हणजे एका बाजूला ८७ सेंमी. एवढी सगळी जागा वापरूनही गोळी लक्ष्यावर येत नसेल, तर दोष टरेटमध्ये (क्लिक-क्लिक करत नेम सरकवायची फिरकी) क्वचितच असतो. तो खाली, बेस (रायफलीवर स्क्रूने बसणारा पाया) किंवा रिंगांत (त्यावर स्कोप धरणाऱ्या कड्या) असतो.

कोकणपट्टीत पहिला संशय गंजावर घ्यावा. दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर धरा. मागच्या बेसखाली ०.१ मिमी जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाएवढा गंज साठला, तर १०० मीटरवर गोळी १० सेंमी वर जाते. तोच गंज पुढच्या बेसखाली असेल तर तेवढीच खाली. देवगड-मालवणच्या खाऱ्या हवेत रायफल वरून चकचकीत दिसते आणि बेसखाली तांबडी पूड निघते. ॲल्युमिनियमचा बेस पोलादी रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मधला भाग) असेल तर खारट ओलीत दोन धातूंचा एकमेकांशी संपर्क येऊन झीज आणखी वाढते.

हात लावण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बाहेर काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

टरेट मध्यावर आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा आणि निम्मी परत फिरवा. मग रायफल सँडबॅगवर पक्की ठेवून मागून रायफलीच्या नळीतून २५ मीटरवरची खूण मध्यभागी आणा. रायफल न हलवता स्कोपमधून बघा. फुली (स्कोपमधल्या नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) किती आणि कुठे सरकली आहे ते लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर याच आकड्याशी तुलना करायची आहे.

आता स्कोप आणि बेस दोन्ही उतरवा. कोणता स्क्रू कुठल्या भोकातला, हे कागदावर क्रमाने टोचून ठेवा, कारण लांबी सारखी नसते. पुढच्या बेसचा स्क्रू पाव मिलिमीटर जरी लांब असला तरी तो नळीच्या आट्यांवर टेकतो. मग तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, बेस मात्र सैलच राहतो. मागच्या बेसचा लांब स्क्रू बोल्टला घासतो. बेस बसवल्यावर बोल्ट मागे-पुढे करून बघा. जड जात असेल तर तोच स्क्रू.

गंज बारीक स्टील वुल आणि बंदुकीच्या तेलाने काढा. पॉलिश पेपर नको, तो रिसीव्हरचा आकारच बदलतो. स्क्रूची भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन कोरडी करा. बंद भोकात तेल राहिलं तर स्क्रू तेलावरच अडतो आणि टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) खोटा आकडा दाखवतो. बसवताना बेसच्या खालच्या पृष्ठभागावर ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, स्क्रूच्या आट्यांवर मात्र निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एकच थेंब. बेसचे स्क्रू साधारण २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. बेसच्या डब्यावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

रिंगांचे खालचे अर्धे भाग बसवा आणि त्यांत २५.४ मिमीचा, लेथवर सरळ काढलेला पोलादी दांडा ठेवा. ३० मिमी नळीच्या स्कोपला ३० मिमीचा. दांड्याला मेणबत्तीची काजळी लावून तो थोडा फिरवा. काजळी रिंगेच्या फक्त एका कडेला उमटली, तर रिंगा एका रेषेत नाहीत. अशा वेळी स्क्रू आवळून स्कोप दाबणं ही सर्वांत महागडी चूक आहे: स्कोपच्या नळीला चर पडतो आणि टरेट आतून अडखळू लागतो. मागच्या बेसला आडवे विंडेज स्क्रू (डावी-उजवीकडे सरकवणारे) असतील तर आधी त्यांनी रेषेत आणा. नसतील आणि फरक किरकोळ असेल तर ग्राइंडिंग पेस्टने त्याच दांड्याखाली रिंगा घासा. तीन-चतुर्थांश भागावर काजळी उमटली की थांबा.

गोळी खाली जाते आणि वर न्यायची जागाच संपली, तर मागच्या बेसखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला. शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमी असतो, तो चालतो. एकच थर. दोन तुकड्यांच्या बेसमध्ये शिमने रिंगा पुन्हा वाकड्या होतात, म्हणून त्यानंतर काजळीची तपासणी परत करा. जास्त उतार हवा असेल तर तिरका बेसच घ्यावा.

शेवटी फुली उभी करणं. गवंड्याचा ओळंबा २५ मीटरवर टांगा आणि त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर दुपारी खारे वारे सुटले की दोरी थांबत नाही. रायफल पाणसळीने समपातळीत ठेवून उभी रेघ दोरीवर जुळवा. ५ अंश कलली आणि त्या अंतरावर गोळीची घसरण ३० सेंमी असली, तर नेम २.६ सेंमी बाजूला जातो. रिंगांच्या झाकणांचे स्क्रू फुलीसारखे आलटून-पालटून, अर्धा-अर्धा फेरा देत १.७ ते २ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी हवी. इथे लॉकटाइट नको. ओले आटे त्याच टॉर्कला जास्त आवळले जातात.

ज्या रायफलीला बेससाठी भोकंच नाहीत (जुन्या .३१५ बोअरच्या रायफलींत हे नेहमीचं), तिला घरी ड्रिल लावू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्ती परवानाधारकाचं काम आहे. झिरो करणंही (गोळी नेमावर पडेल असा स्कोप जुळवणं) फक्त मंजूर रेंजवर: आधी २५ मीटरवर तीन गोळ्या, मग १००. पाव मिनिटाची एक क्लिक २५ मीटरवर जेमतेम १.८ मिमी सरकवते, १०० वर ७ मिमी.

झिरो झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी रायफल बाहेर निघेल तेव्हा ही रेघ तुटली आहे का ते आधी बघा, आणि हळदकुंकू लाकडी दस्त्यालाच लावा. ओलं कुंकू बेसच्या फटीत गेलं की दिवाळीपर्यंत तिथे गंज धरतो.