उष्ण हवेत लेट्यूस लावताय? मग या चुका टाळा

लेट्यूस उगवलं नाही की "बीच खराब निघालं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सगळं एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तापलेल्या मातीत बी टाकणं. लेट्यूसला उगवायला १५ ते २० अंशांची माती आवडते, आणि माती २७-३० अंशांच्या वर गेली की बऱ्याच जातींचं बी जिवंत असूनही उगवतच नाही. ओळखीच्या एका ताईंनी गच्चीवर भर उन्हात काळा ट्रे ठेवला, वरून बी टाकलं, काही आलं नाही म्हणून परत टाकलं, मग "वर वर टाकल्यामुळे येत नसेल" म्हणून पुढच्या वेळी बोटभर खोल पुरलं. आता या बियांना उगवायला उजेडही लागतो, म्हणजे तीही वाट बंद. शेवटी त्या दुकानदाराशी भांडायला निघाल्या. मी त्यांच्याच पाकिटातलं उरलेलं बी ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घालून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, मग संध्याकाळी ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं भुरभुरवलं, वर चिमूटभर गांडूळ खत आणि ट्रे सावलीत. छान उगवलं! आणि त्यांचा तो कोपऱ्यात टाकून दिलेला ट्रे, पावसाने चार दिवस हवा गार झाल्यावर त्यातही काही रोपं वर आली. तेव्हा बियाण्याला दोष देण्याआधी मातीत बोट घालून बघा, कोमट लागली तर त्या दिवशी पेरू नका.

पुढची चूक, फुलांचा दांडा सुटलेलं झाड सांभाळत बसणं. उष्णता आणि मोठे दिवस मिळाले की झाड मधूनच उंच व्हायला लागतं, पानं टोकदार होतात, देठ मोडला की पांढरा चीक जास्त येतो आणि पान कडू लागतं. मग लोक शेंडा खुडतात, खत घालतात, पाणी वाढवतात. पण त्याने झाड मागे फिरत नाही हो! ते उपटा आणि जागा मोकळी करा. मी दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाकत राहते, त्यामुळे एक झाड गेलं तरी जीव हळहळत नाही. गड्डा धरणाऱ्या जातींचा हट्टही सोडा, गरम हवेत सुट्या पानांच्याच जाती घ्या, ग्रँड रॅपिड्स, ओक लीफ वगैरे. पानं साधारण दीड महिन्यात खायला मिळतात, तोवर दम धरा, ज्यांना आठवड्यात पानं हवीत त्यांनी मायक्रोग्रीन्स (उगवल्यावर लगेच कापून खायची कोवळी रोपं) करावेत.

दुपारचं ऊन थेट नको, ३० ते ५० टक्के सावली देणारी शेडनेट (सावलीची जाळी) पुरते. पण पूर्ण अंधाऱ्या कोपऱ्यातही ठेवू नका, रोपं लांबट होऊन आडवी पडतात.

पाणी सकाळी. मुळं उथळ असतात, एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं केलं की कोवळ्या पानांच्या कडा करपतात, कारण कॅल्शियम तिथवर पोचत नाही. लगेच कॅल्शियमची बाटली आणायची गरज नसते, आधी पाणी नियमित करा.

दाट उगवलेली रोपं विरळ करायला जीव होत नाही हे समजतं, पण करा, नाहीतर हवा खेळत नाही आणि रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. उपटलेली रोपं धुऊन खाता येतात.

मावा दिसला की पानाच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा.

आणि काढणी भर दुपारी करू नका, पानं मलूल असतात. सकाळी लवकर बाहेरची पानं तोडा, मधला कोंब तसाच राहू द्या.