अंगावरून वारं गेलं, तर या चुका टाळा

नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत एखाद्याच्या हातातून कात्री निसटते, जीभ जड होते, चहाचा घोट ओठांच्या एका कडेने ओघळतो आणि घरचे म्हणतात, ‘दमला असशील, जरा पडून राहा.’ पक्षाघातात सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, याची खात्री करावी लागते. म्हणून चेहरा एका बाजूला झुकणे, उचललेला हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल किंवा दृष्टी जाणे यांपैकी एकच लक्षण दिसले, तरी निघायला हवे.

निघताना घड्याळ पाहा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेळेचाच असतो. लक्षणे सकाळी उठल्यावर दिसली असतील, तर रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ सांगावी. साडेचार तास उलटून गेले म्हणून घरीच थांबणे ही मात्र वेगळी चूक ठरते. काही निवडक रुग्णांमध्ये रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो.

पेठ, सुरगाणा भागातून नाशिक गाठायलाच बराच वेळ जातो. त्यात आधी गावातला दवाखाना, तिथे सलाईन, मग सीटी स्कॅन नसलेले रुग्णालय, अशी फिरवाफिरव झाली की हाती काहीच उरत नाही. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सीटी स्कॅन व हे इंजेक्शन चोवीस तास मिळते, अशाच ठिकाणी थेट जावे. द्वारका चौकातल्या कोंडीत अडकल्यावर हा शोध घेण्यात अर्थ नाही. घरात रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल, तर रुग्णालयाचे नाव आणि नंबर आजच त्याच्या फाईलवर लिहून ठेवावा.

वाटेत रुग्णाला पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नये. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असल्याने घोट श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अ‍ॅस्पिरिनही नको, कारण झटका रक्तस्रावाचा असेल तर ती घातक ठरू शकते. रक्तदाब वाढलेला दिसला तरी तो घरच्या घरी झटकन उतरवू नये. कबुतराचे रक्त चोळल्याने लकवा जात नाही. जातो तो फक्त वेळ.

लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे अनेक आहेत. हा मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत धोका सर्वाधिक असतो, त्यामुळे तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

रक्तदाब ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी बंद करणे ही तर घरोघरी दिसणारी चूक आहे. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. उपवासाच्या दिवशीही ती चुकवू नये. मधुमेहाच्या गोळ्यांबाबत मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. मिशरी आणि तंबाखू सोडावी, तसेच पापड, लोणचे, शेव धरून दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे.

घरी परतल्यावरच्या चुकांविषयी फारच कमी बोलले जाते. रुग्णाला उठवताना दुबळा हात धरून ओढला जातो आणि सैल झालेला खांदा सांध्यातून सरकतो; त्याऐवजी पाठीला व कमरेला आधार द्यावा. नुसत्या तेलमालिशीवर भिस्त ठेवून व्यायाम सोडू नये. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते, पण त्यानंतरही ती थांबत नाही, म्हणून फिजिओथेरपी मध्येच बंद करू नये. ज्याची वाचा गेली आहे, त्याला बहुतेक वेळा आपल्याला वाटते त्याहून बरेच अधिक समजत असते. त्याच्यासमोर ‘आता काही खरं नाही’ असे बोलू नये. छोटी वाक्ये बोलावीत, उत्तरासाठी थांबावे, आणि तो सतत रडत असेल किंवा जेवण टाकत असेल, तर नैराश्याबद्दलही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर उपचार आहेत.