पत्रा चाचणीत पास, प्रेसवर नापास: फॉर्मेबिलिटी तपासताना या चुका टाळा

फॉर्मेबिलिटीच्या, म्हणजे पत्रा न फाटता किती आकार घेतो त्याच्या, अहवालातला आकडा उत्तम आणि तोच पत्रा प्रेसवर फाटतोय, असं झालं की पहिला संशय मालावर जातो. मालाला दोष देण्याआधी त्या आकड्यात ग्रीस, पकड आणि पंचाची (पत्रा दाबणाऱ्या हत्याराची) धार किती मिसळली आहे, ते तपासा. त्याहून आधी चाचणी योग्य निवडली होती का, तेही पाहा.

भलत्याच चाचणीवर भरवसा

एरिक्सन चाचणीत पत्रा कडेने घट्ट धरलेला असतो आणि गोल पंच त्याला फुगवतो; चीर पडेपर्यंतची खळग्याची खोली हाच आकडा. आत सरकायला माल मिळत नाही, त्यामुळे सगळा ताण जाडी कमी करूनच भागतो. इथे चालतं ते एन मूल्य, म्हणजे ताणला जाताना पत्रा किती कडक होत जातो ते. खोल भांड्यासारख्या पार्टमध्ये मात्र कडेचा माल आत ओढला जातो आणि तिथे आर मूल्याचं, म्हणजे ताणताना जाडीच्या मानाने रुंदी किती घटते त्याचं, राज्य असतं. अशा पार्टसाठी स्विफ्टची कप चाचणी लावा, तीत गोल चकतीचा पेला ओढून पाहतात. भोकाची कड उलटवायची असेल तर होल एक्स्पान्शन चाचणी हवी, तीत कड चिरेपर्यंत भोक किती टक्के फाकतं ते मोजतात. ड्युअल फेज स्टीलची (मऊ आणि कडक अशा दोन घटकांच्या पोलादाची) लांबण चांगली असूनही त्याची कापलेली कड लवकर चिरते, आणि हे एरिक्सनच्या आकड्यात दिसत नाही.

एरिक्सन: सोपी दिसते, म्हणून जास्त बिघडते

आयएसओ २०४८२ प्रमाणे पंच २० मिमी, डायचं (पंचासमोरच्या साच्याचं) भोक २७ मिमी, होल्डरचं (पत्रा दाबून धरणाऱ्या भागाचं) भोक ३३ मिमी, पकड सुमारे १० किलोन्यूटन आणि वेग मिनिटाला ५ ते २० मिमी. ही मापं ०.१ ते २ मिमी जाडीच्या पत्र्यासाठी आहेत.

पकड सैल असेल तर कडेचा माल आत सरकतो आणि खोली खोटी वाढते. खात्री करायला पत्र्यावर होल्डरखाली येईल असं एक वर्तुळ मार्करने आखा आणि चाचणीनंतर पुन्हा मोजा. व्यास घटला असेल तर तो आकडा बाद.

ग्रीसबद्दलची बेपर्वाई त्याहून महागात पडते. घर्षण वाढलं की पंचाच्या टोकावरचा पत्रा अडकून राहतो, ताण बाजूला साचतो आणि चीर टोकापासून दूर, कमी खोलीवरच पडते. ग्रॅफाइट ग्रीस प्रत्येक वेळी सारखंच लावा, पंच पुसून ओरखडे पाहा. चीर रोज एकाच बाजूला पडत असेल तर पंच आणि डाय एका मध्यावर आहेत का, ते तपासा.

थांबायचं कधी? चीर आरपार जाऊन पलीकडचा उजेड दिसू लागला की लगेच. उशीर झाला तर खोली जास्त नोंदली जाते. दोन खळग्यांच्या मध्यांत किमान ९० मिमी आणि कडेपासून ४५ मिमी अंतर ठेवा, निदान तीन खळग्यांची सरासरी घ्या. जाड पत्र्याचा आकडा मुळातच जास्त येतो, म्हणून ०.८ आणि १.२ मिमीची तुलना करू नका.

आकड्याबरोबर चिरेकडेही बघा. चीर गोलाकार न जाता रोलिंगच्या दिशेने सरळ गेली असेल तर लांबट अशुद्धी किंवा दिशेनुसार बदलणारे गुणधर्म यांचा संशय घ्या. खळगा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसत असेल तर दाणे मोठे आहेत. आकडा चांगला असला तरी रंगवायच्या पार्टला तो पत्रा चालणार नाही.

आर मूल्यासाठी जाडी मोजणे

आर मूल्यासाठी पत्र्याची पट्टी ओढून ताणतात. समजा पत्रा ०.८ मिमी, आर मूल्य १.५ आणि लांबण १५ टक्के. जाडी घटते जेमतेम ०.०४३ मिमी. मायक्रोमीटर ०.०१ मिमीने चुकला तरी त्या बदलात २३ टक्के चूक. २० मिमी रुंदी मात्र १.६ मिमीने घटते, तिथे तीच चूक १ टक्क्याच्याही आत राहते. म्हणून रुंदी आणि लांबी मोजा, जाडी आकारमान स्थिर धरून काढा. नमुने रोलिंगच्या दिशेशी ०, ४५ आणि ९० अंशांत कापा, कडेचा बर (कापताना उठलेली धारदार कंगोरी) काढा. ४५ अंशाच्या नमुन्याला सरासरीत दुप्पट वजन असतं, हेही विसरलं जातं.

एन मूल्य १० ते २० टक्के लांबणीच्या पट्ट्यात काढायची सवय असते. पत्र्याची एकसारखी लांबण १४ टक्क्यांवरच संपत असेल तर पुढचे बिंदू मान पडल्यानंतरचे (पट्टी एकाच जागी बारीक होऊ लागल्यानंतरचे) आहेत, ते सोडा.

भोकाची कड

होल एक्स्पान्शनमध्ये १० मिमी भोक सुमारे १२ टक्के क्लिअरन्सने (पंच आणि डायमधली फट, जाडीच्या टक्क्यांत) पंच करून ६० अंशाच्या शंकूने फाकवतात. बर शंकूच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डायकडे हवा. नमुना उलटा बसला तर आकडा फसवा येतो. भोक पाडणारा पंच बोथट झाला असेल तरीही तसंच. ड्रिल किंवा रीम केलेल्या भोकाचा आकडा पंच केलेल्या भोकाशी ताडून पाहू नका.

फॉर्मिंग लिमिट कर्व्ह

ही वक्ररेषा वेगवेगळ्या प्रकारे ताणलेला पत्रा कुठवर टिकतो ते दाखवते. ती काढायच्या नाकाजिमा पद्धतीत १०० मिमी व्यासाचा अर्धगोल पंच वापरतात. चीर शिखरापासून पंचाच्या व्यासाच्या १५ टक्क्यांच्या पलीकडे पडली तर नमुना बाद होतो; बहुतेकदा दोष वंगणाच्या थरात असतो. ताण मोजायची वर्तुळांची जाळी पत्र्यावर सुईने कोरू नका, ओरखडाच चिरेची सुरुवात करतो. ती विद्युत-रासायनिक पद्धतीने छापा. चीर गेलेलं वर्तुळ मोजलं तर चिरेची फट ताणात धरली जाते आणि मर्यादा खरीपेक्षा वर दिसते. एका जाडीची वक्ररेषा दुसऱ्या जाडीला लावणंही चूकच.

तापमान आणि तारीख

३०४ स्टेनलेसच्या चाचण्या लागोपाठ घेतल्या तर पंच तापतो, मार्टेन्साइट (ताणताना तयार होणारी कडक रचना) कमी बनतं आणि आकडा सरकतो. मधे थंड होऊ द्या. ६००० मालिकेचं ॲल्युमिनियम शमनानंतर (तापवून झटकन थंड केल्यावर) खोलीच्या तापमानातही आठवडोनआठवडे कडक होत राहतं. बेक हार्डनिंग स्टीलही (रंग भाजताना कडक होणारं पोलाद) साठवणुकीत जुनं होतं आणि ताणल्यावर त्यावर पट्टे उमटू शकतात. म्हणून अहवालावर कॉइल नंबराशेजारी उत्पादनाची आणि चाचणीची, अशा दोन्ही तारखा लिहा.