अचानक ठरणाऱ्या प्रवासाची पिशवी
आयत्या वेळी निघायचे ठरले की चार्जर, औषधे आणि टूथब्रश शोधण्यातच अर्धा उत्साह मावळतो; म्हणून या वस्तूंचा दुसरा संच एका लहान पिशवीत कायम भरून ठेवावा आणि परतल्यावर संपलेले सामान त्याच रात्री भरावे, कारण उद्यावर ढकललेले हे काम हमखास राहून जाते. विमानाने जाताना पॉवर बँक चेक-इन सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवावी लागते. तिच्या क्षमतेची मर्यादा सहसा 100 वॅट-तास (साठवलेल्या ऊर्जेचे माप) असते आणि 20,000 एमएएचची बँक साधारण 74 वॅट-तासांची भरते. नकाशा घरच्या वाय-फायवरच फोनमध्ये उतरवून घ्यावा, म्हणजे अनोळखी गल्लीत शांत कॅफे शोधताना नेटवर्क गेले तरी जीपीएस वाट दाखवते.