कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करायचे असेल, तर पुण्यात सुरुवात कशी करावी

एमएस्सी करणारे अनेक विद्यार्थी ‘मला कॅन्सरवर काम करायचे आहे’ असे सांगतात, परंतु तो विषय इतका मोठा आहे, की त्यातला एक लहान प्रश्न निवडल्याशिवाय कोणत्याही प्रयोगशाळेत आपला निभाव लागत नाही. डीएनएला इजा झाल्यावर निरोगी पेशी विभाजन थांबवते. मग कर्करोगाची पेशी का थांबत नाही? एवढा प्रश्नही पुरे. १९७९ मध्ये सापडलेले पी-५३ हे प्रथिन या थांबण्यामागे असते आणि माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत त्याचे जनुक बिघडलेले आढळते. प्रश्न ठरला की सेल लाइनची, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या एकाच मूळच्या पेशींची, निवडही त्यातून ठरते. स्तनाच्या कर्करोगापासून मिळालेल्या एमसीएफ-७ या पेशींत पी-५३ शाबूत आहे, तर टी-४७डी या पेशींत ते बिघडलेले आहे, म्हणून त्या दोहोंची तुलना अर्थपूर्ण ठरते. फ्रीझरमध्ये जे आहे त्यावरच काम करायचे, ही सवय सुरुवातीलाच टाळावी.

पुण्यात या कामासाठी फार फिरावे लागत नाही. विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे आणि तेथील पेशीभांडारातून देशभरातील संशोधकांना सेल लाइन पुरवल्या जातात. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी मार्गदर्शकांना ईमेल करताना तोच मजकूर चाळीस जणांना पाठवू नये. एकाच प्रयोगशाळेचे अलीकडचे दोन शोधनिबंध आकृत्यांसह वाचावेत, आणि त्यातले काय समजले व कोणती शंका राहिली, हे दहा ओळींत लिहावे. होकार आल्यावर तेथील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पीएचडी विद्यार्थ्यांशी बोलून, मार्गदर्शक किती वेळा भेटतात आणि आधीचे विद्यार्थी पुढे कोठे गेले, हे जरूर विचारावे. माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा या दोन उत्तरांना अधिक वजन द्यावे.

प्रयोगशाळेत गेल्यावर पहिले दोन महिने पेशी नीट वाढवण्यातच घालवावेत, आणि त्याची घाई करू नये. ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवणारा इन्क्यूबेटर आपले काम करतो. पण पेशी आज कशा दिसतात, हे रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आपलेच काम आहे. नेहमीच्या जिवाणूंचा संसर्ग झाला तर माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, गढूळ होते, त्यामुळे तो लगेच लक्षात येतो. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र माध्यम गढूळ करत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्यावर चालत नाही, आणि तो पेशींचे वर्तन गुपचूप बदलून महिनोन्महिन्यांचे निष्कर्ष वाया घालवतो. म्हणून त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी नियमित करावी. नवी सेल लाइन आली की काही दिवस वेगळी ठेवावी, सुरुवातीच्या पॅसेजच्याच (पेशी एका भांड्यातून नव्या भांड्यात वाढवण्याची एक फेरी म्हणजे पॅसेज) पुरेशा कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवाव्यात आणि डीएनएच्या ठशावरून पेशी ओळखणाऱ्या एसटीआर चाचणीने तिची ओळख पटवून घ्यावी. ही औपचारिकता वाटत असेल, तर एमडीए-एमबी-४३५ चे उदाहरण लक्षात ठेवावे: स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरलेली ही सेल लाइन प्रत्यक्षात मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची निघाली.

पेशी वाढवण्याच्या या कसबाचे पुण्याशी जुने नाते आहे, आणि ते येथील विद्यार्थ्यांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय या संशोधकांकडे ऊतीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकल्या आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्णाच्या गाठीतून हेला ही सेल लाइन वाढली, मात्र त्यासाठी लॅक्स यांची संमती घेतलेली नव्हती. आज रुग्णाच्या गाठीचा नमुना वापरायचा असेल, तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी हातात असावी लागते. या प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच वर्षी करावा.

परीक्षांबाबत थोडक्यात सांगायचे, तर सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची बेट आणि आयसीएमआरची जेआरएफ या पीएचडी शिष्यवृत्तीच्या तिन्ही परीक्षांची तयारी बरीचशी एकच असते. २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ शिष्यवृत्ती) दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्ती) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. शिष्यवृत्तीचा काळ साधारण पाच वर्षांचा असतो, हे धरूनच कामाची आखणी करावी.

प्रयोगवही त्याच दिवशी, तारीख, पॅसेज क्रमांक आणि अभिकर्मकाचा लॉट क्रमांक घालून लिहावी, फसलेला प्रयोगही तितक्याच तपशिलाने. पोस्टडॉकसाठीची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची, पत्रे प्रबंध सादर होण्याच्या सुमारे वर्षभर आधी पाठवावीत. मुलाखतीत आकृतीमागचा मूळ डेटा विचारला जातो आणि तेव्हा ही वही हाताशी लागते.